वाचकांचे प्रश्न : मंडपात जावे की पबमध्ये?

प्रश्न : आम्ही चौघे जुने मित्र आहोत आणि सर्वांची वये पन्नाशीच्या आसपास आहेत. पुढच्या आठवड्यात मुंबईत क्राफ्ट बिअरचा, म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांत बनणाऱ्या बिअरचा, महोत्सव भरत आहे. मैदानावर मोठा मंडप असणार आहे, शिवाय त्या दिवसांत शहरातले अनेक पबही खास बिअर ठेवणार आहेत, असे जाहिरातीत वाचले. आजवर आम्ही बाटलीतल्या बिअरच्या पुढे गेलेलो नाही. कुठे जावे, काय मागवावे, आणि तिथे अडाणी ठरणार नाही यासाठी काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पबमध्ये जावे, आणि शनिवार-रविवार टाळून मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी चारच्या सुमारास जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मंडपाची मजा वेगळी असते हे मान्य. पण कूपनांची रांग, ध्वनिवर्धक आणि प्लास्टिकचा पेला यांच्या गडबडीत नव्या बिअरची चव घेणे म्हणजे वरातीत उभे राहून ख्याल ऐकण्यासारखे आहे. शिवाय क्राफ्ट बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते, त्यामुळे केग, म्हणजे बिअरचे पिंप, भरल्यापासून नळातून बाहेर पडेपर्यंत तिला सतत थंडाव्यात ठेवावे लागते. पबच्या शीतखोलीत हे सहज साधते; उन्हातल्या मंडपात ते बऱ्याचदा बर्फाच्या भरवशावर चालते. आणि आडवेळी गेले की काउंटरमागच्या माणसाला बोलायला फुरसत असते. त्याला सरळ सांगावे, ‘आम्ही पहिल्यांदाच आलो आहोत, आज कोणती केग नवी लावली आहे?’ असे विचारणाऱ्याला अडाणी समजणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

त्यातून आपण डोंबिवलीकर. गेटवे ब्रुइंग कंपनीची बिअर मुंबईच्या पबांत नावारूपाला आली ती डोंबिवलीतल्या ब्रुअरीतून, हे काउंटरवर सहज बोलून दाखवले तरी आपली पत वाढेल. या क्षेत्रातली नावे तशी आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली आणि पुढे अंधेरी, खार, कुलाबा इथे टॅपरूम, म्हणजे स्वतःची बिअर नळावर देणारे पब, उघडणारी ‘डूलाली’ घ्या. हा इंग्रजी बोलीतला शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत उन्हात महिनोन्‌महिने बसून राहत, आणि त्यातल्या काहींचे डोके फिरे; म्हणून डोके फिरलेला तो ‘डूलाली’.

आता काय मागवावे ते पाहू. बिअरचा पाया म्हणजे माल्ट, आणि ते आपल्या घरातल्या नाचणीच्या सत्त्वासारखेच तयार होते : सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि मग कमी-अधिक भाजायचे. भाजणी हलकी राहिली तर बिअर सोनेरी होते. काही सातू करपण्याच्या बेतापर्यंत भाजून घातले की काळी, कॉफीच्या वासाची स्टाउट होते. कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे, आणि उरलेली पुष्कळशी करामत यीस्टची असते. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला, म्हणजे हेफेवाइझनला, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. आंबताना यीस्टच ते गंध तयार करते. माझ्या एका मावसभावाने पहिला घोट घेऊन ‘हे तर शिकरण!’ असे उद्गार काढले होते, आणि त्याहून नेमके वर्णन मी अजून ऐकलेले नाही. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घातलेली असते.

पहिल्याच फेरीत मोठा ग्लास मागवू नये. सॅम्पलर मागवावा, त्यात लहान ग्लासांतून चार-पाच प्रकार एकत्र येतात आणि चौघांत फिरवता येतात. क्रम असा ठेवावा की गव्हाची बिअर आधी, मग पेल एल, म्हणजे फिकट रंगाची थोडी कडवट बिअर, मग स्टाउट, आणि सर्वांत कडू इंडिया पेल एल शेवटी; ती आधी प्यायली तर नंतरच्या सगळ्या बिअर पाण्यासारख्या लागतात. चकण्यात मसाला पापड आणि तिखट शेंगदाणे आले की याच कडू बिअरचा तिखटाशी संगम होऊन जीभ भाजते, तेव्हा तिच्याबरोबर साधे खारे दाणे बरे. बोंबील फ्राय असेल तर गव्हाची बिअर घ्यावी, याबाबत मी वाद घालायलाही तयार आहे.

ग्लास हातात आल्यावर लगेच तोंडाला लावू नये, आधी पाहावा. आतल्या काचेला जागोजागी बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, त्याला तेलकटपणा राहिला आहे. ग्लास स्वच्छ असला की बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाची एक झालर काचेवर मागे राहते. बर्फात गोठवलेला ग्लास कौतुकाने पुढे केला तर नम्रपणे नको म्हणावे, कारण अतिथंड बिअरला वासच येत नाही. आणि पेल एलला लोण्यासारखा किंवा व्हिनेगरसारखा वास आला, तर नळाच्या नळ्या धुतलेल्या नसण्याची शक्यता मोठी असते. काही वर्षांपूर्वी एका पबमध्ये असा लोण्याच्या वासाचा ग्लास माझ्यासमोर आला होता. ‘हीच त्यांची खासियत असेल’ असे समजून मी तो निमूटपणे संपवला आणि वर चांगली म्हणून दादही दिली. आपण तसे करू नये. ग्लास परत करून दुसरा मागण्यात काहीही गैर नाही.

एका दिवशी दोन पब पुरे. लोअर परळमध्ये मथुरादास मिल कंपाउंडमधले टॉइट आणि कुलाब्यात रीगलजवळचे वुडसाइड इन, एवढे झाले तरी दिवस सार्थकी लागतो. पाच टक्के अल्कोहोलच्या ५०० मिलिलिटर बिअरमध्ये २५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते जेमतेम १३ असते. म्हणजे एक मोठा ग्लास हा जवळजवळ दोन पेगांच्या बरोबरीचा झाला, आणि शरीर ताशी साधारण आठ-दहा मिलिलिटरच निकालात काढते. ‘बिअरच तर आहे’ म्हणणाऱ्या मित्राला हे गणित पहिल्या ग्लासाच्या आधी सांगावे. तिसऱ्यानंतर सांगून उपयोग होत नाही.

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे आणि मैत्रिणींबरोबर या महोत्सवातले पब पाहायला जाणार आहे. मी तिला अडवणार नाही, पण कायद्याने ते चालते का? परवाना लागतो असेही ऐकले आहे.
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : ताई, महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइन यांसाठी किमान वय २१ आहे, तर इतर मद्यासाठी २५. पाच टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य समजली जाते, आणि मेख इथेच आहे. महोत्सवात सात-आठ टक्क्यांच्या बिअरही हौसेने लावल्या जातात, नाव मात्र बिअरच असते. पबच्या फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे टक्केवारी लिहिलेली असते. ती पाहूनच मागणी नोंदवण्याची आणि वयाचा पुरावा जवळ ठेवण्याची सूचना लेकीला द्यावी. परवान्याचे म्हणाल तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला तो आजही लागतो. आपल्याकडच्या बारच्या पाटीवर ‘परमिट रूम’ असे लिहिलेले असते ते याच कायद्यामुळे, हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. मुलीच्या पिढीला ते खोलीचे नाव वाटते. एका दिवसाचा परवाना बहुतेक ठिकाणी जागेवरच मिळतो, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्जही करता येतो.

आणखी एक गोष्ट, कायद्याबाहेरची. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिल कंपाउंडमधल्या गच्चीवरच्या पबना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. खचाखच भरलेल्या जागी शिरताना बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे हे आधी पाहून ठेव, एवढे मुलीला जरूर सांगा.

प्रश्न : मी पीत नाही. मित्रांना गाडीने न्यायचे आणि आणायचे काम दर वेळी माझ्याच गळ्यात पडते. मी या महोत्सवात जाऊन करायचे काय?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : गाडी काढूच नका. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले तर पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास किंवा दहा हजारांपर्यंतचा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि परतताना ‘आता मी चालवतो’ असे म्हणणारा मित्र प्रत्येक गटात असतो. अंधेरी, खार आणि लोअर परळ ही सारी ठिकाणे आपल्या पश्चिम रेल्वेवरच आहेत. चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते. पण मित्रांना ती साडेअकराला सुटते असेच सांगावे. पबमध्ये बोंबील आपण मागवावेत आणि सॅम्पलरमधल्या प्रत्येक ग्लासाचा नुसता वास घ्यावा. केळे कशात आहे आणि धणे कशात, हे पिणाऱ्यांच्या आधी आपल्याला कळेल.