शीळ, फुत्कार आणि छू

प्रश्न असा आलाय की बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ५:२६ मध्ये, देव दूरच्या राष्ट्रांसाठी झेंडा उभारतो आणि पृथ्वीच्या टोकावरून त्यांना 'हिस' करून बोलावतो, तर हे हिस म्हणजे फुत्कार का, आणि ती राष्ट्रं कोणती?

फुत्कार नाही हो! देव सापासारखा फुत्कारतो, म्हणजे बघा किती चिडलाय, हे ऐकून ऐकून कान किटलेत. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'हिस' छापलंय, तेवढ्यावर लोक सुटतात, मूळ हिब्रू बघायला कुणाला वेळ आहे. मूळ क्रियापद 'शारक', म्हणजे शीळ घालणं. लॅटिन भाषांतरात 'सिबिलारे' आहे, त्यात शीळही बसते आणि फुत्कारही, आणि हा घोळ निदान तिथपासूनचा आहे. आणि बोलावण्यासाठी कुणी फुत्कारतं का? फुत्कार ऐकून माणूस मागे सरतो.

आता खरी मजा. शारक म्हणताना दातांतून जो वारा जातो ना, तोच आपल्या शीळेत, शिट्टीत, सीत्कारात आहे. एकाचा दुसऱ्याशी नातेसंबंध नाही, उगाच संस्कृतातून हिब्रू काढू नका, तोंडाने केलेला आवाजच शब्द झालाय. बायबलातल्याच दानीएल ३:५ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सोन्याच्या पुतळ्यापुढे जी वाद्यं वाजतात त्यात 'मश्रोकीता' आहे, फुंकून वाजवायचं वाद्य, शब्द अरामी, म्हणजे हिब्रूच्या बहीण-भाषेतला, पण क्रियापदाचं मूळ हेच. आणि आज इस्राएलमध्ये फुटबॉलचा रेफरी फाऊलला फुंकतो ती 'मश्रोकीत'! कुठे बाबिलोन, कुठे पेनल्टी.

बायबलाचे भाष्यकार लगेच मधमाश्या आणतात. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती बिशप सिरिल पाचव्या शतकात सांगून गेला की मधपाळ शीळ घालून माश्या पोळ्यातून बाहेर काढतात, आणि तेव्हापासून सगळे तेच उतरवून घेतायत. अहो, माशी यशयाच्याच ७:१८ मध्ये आहे, ५:२६ मध्ये नाही, आणि तिथेही अश्शूर या तेव्हाच्या बलाढ्य साम्राज्याच्या मधमाशीआधी मिसरची, म्हणजे इजिप्तची, साधी माशी आहे, साध्या माश्या कोण पाळतं? जखऱ्या १०:८ मध्ये हीच शीळ आपल्या पांगलेल्या लोकांना गोळा करायला आहे, तिथे धनगर दिसतो. पण ५:२६ ला माझ्या मते आपला 'छू' सगळ्यात जवळचा. कुत्र्याला छू केलं की तो सुटतो, का ते विचारत नाही, तसं हे सैन्य सुटलंय. शब्दार्थ छू नाही हे कबूल, पण भाव तोच, आणि हे मी कुणाचंही ऐकून बदलणार नाही.

बरं, राष्ट्रं. नाव दिलेलं नाही, पण बहुतेक जण अश्शूर धरतात आणि ते पटतं. हिब्रूत 'राष्ट्रांना' असं अनेकवचन आहे पण पुढे लगेच 'तो झपाट्याने येतो' असं एकवचन, म्हणून काही जण मूळ पाठच 'दूरच्या राष्ट्राला' असा दुरुस्त करतात. पुढच्या ओळी बघा, कुणी थकत नाही, कुणी पेंगत नाही, कुणाच्या वहाणेचा बंदसुद्धा तुटत नाही. इतक्या लांबून चालत येऊन बंद तुटत नाही, ही खरी भीतीची गोष्ट. आणि ही आठव्या शतकातली, इसवी सनापूर्वीची भीती आहे, त्यात आजच्या देशांची नावं घुसडून फॉरवर्ड पाठवू नका, निदान मला तरी.