कमानपाट्याच्या सुरीवर धारेची रेषा का उमटत नाही?

आपण नेरुळहून विचारले आहे की, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून (स्प्रिंगच्या पट्टीतून) घडवलेल्या सुरीच्या पाठीला मातीचा लेप देऊन ती पाण्यात विझवली, म्हणजे लालबुंद तापवून झटकन बुडवली, तरी जपानी पात्यांवर दिसते तशी ढगाळ रेषा उमटली नाही, उलट धारेलाच तडा गेला. तेव्हा लेप कसा द्यायला हवा होता? माझ्या मते लेपाआधी पोलादाकडे पाहायला हवे, कारण आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

पोलाद सुमारे ७३० अंश सेल्सिअसच्या वर पुरेसे तापले की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि कार्बन त्यात विरघळतो. तिथून ते झटकन थंड झाले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि अतिशय कठीण, पण ठिसूळ मार्टेन्साइट तयार होते. रेंगाळत थंड झाले तर मऊ, चिवट पर्लाइट होते. साध्या उच्च-कार्बन पोलादात पर्लाइट सुरू होण्याआधी थंड होण्याची सवड फारच थोडी, म्हणजे ५४० अंशांच्या आसपास जेमतेम सेकंदभराची असते. उघडी धार त्या आत निसटते, लेपाखालची पाठ मागे राहते, आणि दोन रचनांच्या सीमेवर रेषा उमटते. कमानपाट्याचे पोलाद मात्र बहुधा सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम-व्हॅनेडियम जातीचे असते. ही मूलद्रव्ये ती सवड वाढवतात, कारण जाड पाटा आतपर्यंत कडक व्हावा हाच त्यांचा उद्देश असतो. साहजिकच लेपाखालची पाठसुद्धा कडक होते आणि रेषेला जागाच उरत नाही. असे पोलाद तेलात विझवायचे असते. पाण्याचा झटका त्याला सोसत नाही. त्यातून पाटा रस्त्यावर वर्षानुवर्षे वाकलेला असेल, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा त्यात आधीपासून असू शकतात.

म्हणून रेषा हवी असेल तर कार्बन भरपूर आणि मँगनीज कमी असलेले पोलाद शोधावे. १०९५ या पोलादाच्या प्रतीत कार्बन ०.९० ते १.०३ टक्के आणि मँगनीज ०.३० ते ०.५० टक्के असते, हे उत्तम. आपल्याकडे दुकानदार सुरीसाठी ईएन ३१ या प्रतीचे पोलाद सुचवतात. त्याची सुरी चांगली होते, परंतु त्यातल्या सुमारे दीड टक्का क्रोमियममुळे रेषेचा नाद सोडावा लागतो. कळंबोलीच्या बाजारातून किंवा भंगारातून माल घेतला, तर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत तुकड्याची स्पेक्ट्रो चाचणी, म्हणजे त्यात कोणते मूलद्रव्य किती आहे याची तपासणी, करून घ्यावी. अंदाजाने घेतलेल्या पोलादावर आठवडाभर हातोडा मारण्यापेक्षा ते स्वस्त पडते. जुनी, चांगल्या बनावटीची कानसही चालते. मात्र काही स्वस्त कानशी फक्त वरच्या थरापुरत्या कडक केलेल्या असतात, आणि कोणत्याही कानशीचे दाते घडवण्यापूर्वी पूर्ण घासून काढावे लागतात, नाहीतर ते घडीत दबून पुढे तड्याचे बीज होतात.

घडवताना काळपट लाल रंगाच्या खाली हातोडा चालवू नये. घडवून झाल्यावर पाते तापवून हवेत थंड करण्याची क्रिया तीन वेळा, दर वेळी थोड्या कमी तापमानाला, साधारण ८७०, ८१५ आणि ७६० अंशांना करावी. त्याने पोलादाच्या रचनेतले कण बारीक होतात, आतला ताण जातो. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि पुढे वाकलेल्या किंवा तडकलेल्या पात्याचा दोष तेलावर ढकलला जातो.

लेपासाठी भट्टीच्या विटा जोडायचा उष्णतारोधक मसाला पुरतो. पाठीला सुमारे ३ मिलिमीटर जाडी ठेवावी, धारेकडचा तिसरा हिस्सा उघडा सोडावा आणि लेप पूर्ण सुकू द्यावा. ओला राहिला तर भट्टीत वाफेने सुटून पडतो. लेपाची कड आणि रेषा तंतोतंत एका जागी येत नाहीत, त्यामुळे कड नागमोडी कोरण्यात फार वेळ घालवू नये.

आता तापमान. लोहचुंबक ७७० अंशांना पोलादाला चिकटेनासा होतो, आणि १०९५ ला त्याच्या थोडे वर, ८०० अंशांच्या आसपास नेणे पुरेसे असते. माझे काम वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात चालते. दुपारच्या उजेडात तिथे रंगावर विसंबता येत नाही, म्हणून हे काम मी अंधार पडल्यावरच करतो. तेव्हा पाते तापत असताना त्याच्या लालीत एक काळसर सावली दिसते. रचना बदलताना पोलाद उष्णता शोषते, म्हणून तो भाग क्षणभर मागे राहतो. ही सावली जाड भागाकडे सरकत जाते आणि नाहीशी होते. उघड्या धारेवरची सावली पूर्ण विरली आणि रंग सर्वत्र सारखा झाला, की विझवण्याची वेळ आली. त्यापुढे तापवल्यास कण वाढतात.

विझवण्यासाठी पहिल्या पात्याला पाणी वापरू नये. ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट केलेले शेंगदाण्याचे तेल पातळ धारेला चालते, कारखान्यातले जलद शीतकरणाचे तेल त्याहून चांगले. तेल भडकू शकते, म्हणून झाकणासह धातूचे भांडे घ्यावे आणि हा उद्योग सोसायटीच्या गच्चीवर करू नये. धार सव्वा-दीड मिलिमीटर जाड ठेवूनच पाते बुडवावे. बाहेर काढल्यावर कानस धारेवरून काचेवरून घसरावी तशी घसरली तर ती कडक झाली; पाठीला मात्र कानस चावली पाहिजे.

यानंतर पाते रात्रभर ठेवून देऊ नये, कारण टेंपरिंग न केलेले, म्हणजे पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा कमी न केलेले मार्टेन्साइट आपोआपही तडकू शकते. ते लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांना, दोन-दोन तास, दोनदा ठेवावे. ओव्हनच्या चकतीवर भरवसा न ठेवता आत वेगळा तापमापक ठेवावा. धारेचा कठीणपणा रॉकवेल मापावर ६० च्या आसपास राहतो. मग पॉलिश पेपरने ८०० नंबरपर्यंत घासून, सर्किट बोर्डासाठी मिळते त्या फेरिक क्लोराइडच्या सौम्य द्रावणात पाते थोडा वेळ बुडवावे, म्हणजे रेषा वर येते. द्रावणातून काढताच पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल लावावे. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ताजे घासलेले पोलाद लगेच गंजू लागते.

कमानपाट्याचे आणखी तुकडे आपल्याकडे असतील तर तेही वाया जाणार नाहीत. त्यांचे पाते बिनलेपाचे तापवून उथळ ताटलीतल्या तेलात फक्त धार टेकवली, तर रेषा पुसट येईल, पण पाठ चिवट आणि धार कडक असलेली कामाची सुरी त्यातून नक्की होते.