वांगं सोडलं, दाणे सोडले, तरी पित्त उठतंच

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका, वय ३४. गणपतीच्या आदल्या आठवड्यापासून, म्हणजे चार महिने होत आले, जवळजवळ रोज संध्याकाळी अंगावर पित्त उठतं. पोटावर, मांड्यांवर आणि कमरेला परकराची नाडी बसते तिथे लाल गांधी येतात, खाजून जीव नकोसा होतो, सकाळपर्यंत सगळं गायब. वांगं, शेंगदाणे, दही, अंडी, मासे, टोमॅटो सगळं बंद केलं. वजन सहा किलो उतरलं. अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीत बावीस पदार्थ निघाले. त्वचेच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, “टेन्शन कमी करा.” ती विचारते, “म्हणजे मी नाटक करते, असंच ना ताई? सासूबाई तर म्हणतातच, शाळा बुडवायचं निमित्त आहे.” आणि शेवटी ता. क.: “नणंदेच्या यजमानांच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन आहे. हप्ते थकलेत. श्रावणात मला नोटीस आली. ह्यांना काही माहीत नाही. पण त्याचा इथे संबंध नाही.”

अगं, नाटक करणाऱ्या माणसाच्या अंगावर गांधी उठत नाहीत. बोटभर जाडीचे, कडा उचललेले लाल पट्टे कुणालाही ठरवून आणता येत नाहीत. तुझ्या कातडीत जे घडतं ते खरंखुरं आहे, मग ते झिंगा खाऊन घडो की काळजीनं.

घडतं काय, ते सांगते. त्वचेत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन नावाचं रसायन भरलेलं असतं. त्या फुटल्यासारख्या मोकळ्या झाल्या की बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, गांध उठते, खाज सुटते. या पेशींना चेतवायला अ‍ॅलर्जीच लागते असं नाही. मज्जातंतूंची टोकं त्यांच्या अगदी शेजारी असतात, आणि मन ताणाखाली असलं की तिथून आणि संप्रेरकांतून जे निरोप येतात त्यांनीही त्या बिथरतात. नाडीचा दाब, गरम पाण्याची आंघोळ, काहींना अंगदुखीची गोळी, हेही पुरतं. शेवटी बाहेर पडतं ते तेच हिस्टामिन. म्हणून तर अ‍ॅलर्जीची गोळी तुलाही लागू पडते.

आपल्या भाषेनं इथे थोडा घोळ केलाय असं मला फार वाटतं. छातीत जळजळलं तरी ‘पित्त झालं’ आणि अंगावर गांधी आल्या तरी ‘पित्त उठलं’. त्यामुळे अंगावर काही उठलं की पहिला हात ताटाला लागतो. माझ्या आईनंही मला परीक्षेच्या दिवसांत आमसुलाचं पाणी लावलंय. चार-पाच आमसुलं वाटीत भिजत घालायची आणि ते लालसर पाणी पाठीवर चोळायचं. टॉवेलवर तपकिरी डाग पडायचे. गार वाटायचं, आईचा हात फिरायचा, झोप लागायची. तुलाही बरं वाटत असेल तर लाव, पण त्यानं कारण जात नाही.

आता तुझंच पत्र पुन्हा वाच. तू लिहितेस, “एक आठवडा नुसता वरणभात खाल्ला तरी उठलं.” खाण्याची खरी अ‍ॅलर्जी अशी वागत नाही. ती बहुधा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते, आणि तो पदार्थ पोटात गेला की दर वेळी दिसते. सहा आठवड्यांहून जास्त रेंगाळणाऱ्या पित्तात बाहेरचा असा एखादा पदार्थ क्वचितच सापडतो. रक्तात बावीस नावं ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे ते बावीस पदार्थ तुला बाधतात असा अर्थ होत नाही. ३४ वर्षं तू वांगं आणि दाण्याचं कूट खात आलीस ना? मग सहा किलो वजन कशापायी घालवलंस! तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एकेक पदार्थ परत सुरू करण्याबद्दल विचार.

जाशील तेव्हा थायरॉइडची तपासणी करायची का तेही विचार, कारण या दुखण्याच्या जोडीनं तो त्रास बऱ्याचदा सापडतो. गोळी तू ‘उठलं की’ घेतेस, तिथेही चुकतंय. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढे दिवस रोज घ्यायच्या असतात. पुरत नसेल तर डोस तेच वाढवतील. शेजारणीनं दिलेली स्टेरॉइडची गोळी मात्र बंद म्हणजे बंद. चार दिवस छान वाटतं आणि पुढे ती महागात पडते. संध्याकाळी आलेल्या गांधींचे फोटो काढून ठेव, सकाळी दवाखान्यात दाखवायला काही उरत नाही. एखादी गांध चोवीस तासांनंतरही तशीच राहिली, दुखली, काळानिळा डाग ठेवून गेली, तर ते वेगळं असू शकतं, लगेच दाखव. आणि जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास अडला, चक्कर आली, तर घरच्या कुणाशी चर्चा करत बसू नकोस. थेट १०८ ला फोन.

आता ता. क. नोटीस श्रावणात आली आणि गांधी गणपतीच्या आधी. मधे पंधरा-वीस दिवस. तू स्वतः दोन्ही तारखा लिहिल्यास आणि संबंध नाही म्हणालीस. नोटिशीमुळेच हे सुरू झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण पोस्टमन दिसला की पोटात गोळा येतो, कपाटातल्या साड्यांच्या घडीत ते पाकीट रोज चाचपून बघतेस, हेही तूच लिहिलंयस. अशी दिवसभर ताणलेली वायर घेऊन तू संध्याकाळी घरी येतेस.

“दादाला सांगू नकोस,” असं नणंद म्हणाली तेव्हा तिनं तिचं ओझं तुझ्या पगारपत्रकावर ठेवलं. तू मायेनं सही केलीस, त्यात गुन्हा नाही. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकारी पतसंस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला की गोष्ट तुझ्या पगारापर्यंत येऊ शकते. म्हणजे नवऱ्याला हे कळणारच आहे. ते शाळेतल्या क्लार्ककडून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे.

शनिवारी रात्री मुलं झोपली की पाकीट त्यांच्या हातात दे. प्रस्तावना नको. “मी सही केली, तुम्हाला सांगितलं नाही, मला भीती वाटत होती,” एवढंच. ते चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. बहिणीवरही चिडतील आणि सासूबाई मधे पडतील. तेव्हा तू नणंदेची वकिली करू नकोस. पुढच्या आठवड्यात दोघं मिळून पतसंस्थेत जा, खात्याचा उतारा लेखी मागा, हप्ते बांधून मिळतात का बघा. तू भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क तुला आहे, तेव्हा प्रत्येक पावती जपून ठेव. एखाद्या वकिलालाही कागद दाखवून घ्या.

रविवारी उठशील आणि कातडी स्वच्छ होईल, असं नाही. हे दुखणं कधी काही महिने, कधी दोन-तीन वर्षंही रेंगाळतं, आणि बहुतेकांचं पुढेमागे थांबतं. तोवर गोळी रोज, नाडी सैल, आंघोळ कोमट. रात्री झोपच लागेनाशी झाली किंवा रडू आवरेना तर १४४१६ या टेली मानस म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि भोगी जवळ आलीय. डॉक्टर हो म्हणाले तर आधी दोन दिवस थोडं वांगं खाऊन बघ, मग दोन दिवस दाणे. निभावलं की भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं-पावटा-दाणे घातलेली भाजी पोटभर जेव. काय झालं ते मला कळव.

तुझी ताई