चक्कर आठ महिने जात नाहीये, एमआरआय नॉर्मल आहे, मग मेंदूचा 'रेस्टिंग' स्कॅन करून घ्यावा का?

नका करू. हे मी स्वतः एका रिसर्चसाठी त्या मशीनमध्ये पडून आल्यावर सांगतोय. मलाही तुम्ही लिहिलंय तसंच व्हायचं, गरगर फिरत नाही पण बोटीतून उतरल्यावर जमीन हलते ना तसं दिवसभर, उभं राहिलं की जास्त आणि मोबाईल स्क्रोल केला की अजून जास्त. त्याला पीपीपीडी (पर्सिस्टंट पोश्चरल-पर्सेप्च्युअल डिझिनेस, म्हणजे न जाणारी, उभं राहिल्यावर वाढणारी चक्कर) म्हणतात, निकष २०१७ साली बारानी सोसायटी या तोल आणि चक्करवरच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेत, त्रास ३ महिने किंवा जास्त हवा वगैरे, आणि निदान होतं ते तुमची हकीकत ऐकून आणि तपासून, स्कॅनवरून नाही.

नेहमीचा एमआरआय मेंदूचा आकार दाखवतो, गाठ आहे का, स्ट्रोकची खूण आहे का. रेस्टिंगवाल्यात नुसतं पडून राहायचं, मला एका अधिकच्या चिन्हाकडे बघत राहा आणि झोपू नका एवढंच सांगितलेलं (दुसरंच जास्त अवघड गेलं). तेवढ्या वेळात कुठल्या भागातला रक्तातल्या ऑक्सिजनचा सिग्नल कुणाच्या जोडीने वरखाली होतो ते बघतात. १९९५ मध्ये बिस्वाल नावाच्या संशोधकाने दाखवलं की हात हलवत नसतानाही दोन्ही बाजूंचे हालचालीचे भाग असे एका लयीत चालतात, तिथून हे सगळं सुरू झालं.

पीपीपीडीवाल्यांमध्ये तोल सांभाळणाऱ्या भागांची, म्हणजे इन्सुला वगैरेंची, आपसातली जोडणी कमी आणि नजरेच्या भागांची जास्त असं काही अभ्यासांत दिसलंय, म्हणजे मेंदू तोल कळवणाऱ्या आतल्या कानापेक्षा डोळ्यांवर जास्त भरवसा टाकतोय असा अंदाज. पण हे गटाच्या सरासरीत, तेही छोट्या गटांच्या, आणि त्यातल्या बऱ्याच लोकांना अँग्झायटीही असते मग फरक नक्की कशाचा ते वेगळं काढणं कठीण. एकट्या तुमच्या स्कॅनवर बोट ठेवून कुणी सांगू शकत नाही.

आणि गंमत म्हणजे आपला त्रास उभं राहिल्यावर वाढतो आणि फोटो काढतात आडवं झोपवून! त्यात तो तगडा चुंबकच आतल्या कानातल्या पाण्याला ढकलतो, ७ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये तर धडधाकट माणसांचे डोळेसुद्धा अंधारात आपोआप सरकतात, हे २०११ मध्ये मोजलंय.

'नॉर्मल' म्हणजे मनाचे खेळ असा अर्थ लावू नका मात्र. डॉक्टरांना पीपीपीडीबद्दल थेट विचारा, व्हेस्टिब्युलर, म्हणजे तोल सुधारण्याचे, व्यायाम शिकवणारा फिजिओ शोधा. मला भिंतीवरच्या एका अक्षराकडे बघत डोकं डावीउजवीकडे हलवायला दिलं होतं, सुरुवातीला त्रास वाढलाच, दोनदा सोडूनही दिलं, आता जिना कठडा न धरता उतरतो.