‘लोड्स’ म्हणजे नेमके किती? यूकेला निघालेल्या सिस्टरना उत्तर

तुम्ही लिहिलंय की नर्स म्हणून नागपूरहून यूकेला यायचं नक्की झालंय, आयईएलटीएस निघाली, मुलगा सहा वर्षांचा आहे. क्लासच्या सरांनी ‘पुष्कळ’साठी प्लेथोरा, मिरियड, अम्पटीन, ऊडल्स अशी यादी पाठ करून घेतलीय आणि मेलबर्नची चुलतबहीण म्हणते, सगळं सोडा, ‘हीप्स’ म्हणा. यातलं इथे काय चालतं, एवढाच तुमचा प्रश्न. रात्रपाळी करून आलेय, झोप उडालीय, तेव्हा लांबण लागणार. व्हिसा, एनएमसी (इथली नर्सची नोंदणी), ओस्की (त्यासाठीची प्रात्यक्षिक परीक्षा) यांची माहिती सरकारी साइटवर आहे, ती मी सांगत नाही.

शब्दांचं आधी उरकते. ‘हीप्स’ मुख्यतः ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचं. आमच्या लीड्समध्ये दिवसभर ‘लोड्स’. ‘टन्स’ही चालतं, पण नुसतं ‘अ टन’ म्हणजे कधीकधी शंभर, हे क्रिकेटमुळे तुमच्या मिस्टरांना माहीत असेल. ‘अम्पटीन्थ टाइम’, म्हणजे ‘कितीदा सांगायचं’, हे वैतागल्यावर ऐकू येतं. ‘प्लेथोरा’ म्हणजे वैद्यकीत रक्ताधिक्याने लालबुंद झालेला चेहरा, वॉर्डात तो तेवढ्यापुरताच ठेवा. ‘शेडलोड’ हे एका अर्वाच्य शब्दाचं सोवळं रूप आहे, इन्चार्ज सिस्टरसमोर जपून. ‘थँक्स अ बंच’ कुणी म्हणालं तर बहुतेक वेळा तो टोमणा असतो. आणि शाळेतून केकसाठी ‘हंड्रेड्स अँड थाउजंड्स’ पाठवा अशी चिठ्ठी आली तर दचकू नका, वरून भुरभुरायचे साखरेचे रंगीत दाणे असतात ते.

हे महिन्याभरात कुणालाही जमतं. अडतं ते पुढे.

पेशंट सांगतो, ‘आय हॅड अ फेअर फ्यू’. ‘फ्यू’ ऐकून थोडं वाटतं, पण अर्थ ‘बऱ्याच’. आणि बऱ्याच काय, तर पॅरासिटामॉलच्या गोळ्या. चोवीस तासांत ५०० मिलिग्रॅमच्या ८ ही मोठ्या माणसाची मर्यादा, आणि जास्त झाल्यावरही पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो. म्हणून तिथेच थांबून विचारायचं: किती, कधी, पाकीट कुठाय? ‘अ कपल ऑफ पाइंट्स’मधलं कपलही दोनाशी बांधील नसतं. इथे दारूची सल्ल्याची मर्यादा आठवड्याला १४ युनिट, आणि चार टक्के अल्कोहोलच्या बिअरच्या एका पाइंटमध्येच २.३ युनिट. ‘लोड्स ऑफ वॉटर’ प्यायले म्हणणाऱ्या आजीबाईंच्या उशाशी पाण्याचा जग भरलेलाच असतो. फ्लुइड चार्टवर लोड्स लिहिता येत नाही, मिलिलिटर लिहावे लागतात.

उलटही आहे. खुबा मोडलेला म्हातारा ‘बिट सोअर, लव्ह’ (जरासं दुखतंय गं) म्हणून तुमच्याकडे बघून हसतो. मिरजेत काम करताना पेशंट ‘लई दुखतंय’ म्हणाला की त्याच्या तोंडाकडे बघून मला कळायचं, हे लई कितीचं आहे ते. सोबतच्या नातेवाइकांच्या आवाजावरूनही कळायचं. इथल्या चेहऱ्यांची ती उजळणी मला वर्षानुवर्षं करावी लागली. म्हणून शून्य ते दहात दुखणं किती, हा पेन स्कोअर विचारताना संकोचू नका, इंग्रजी कच्चं म्हणून विचारते असं कुणाला वाटत नाही. वाटलं तर वाटू दे.

भाड्याच्या घराचं ऐकून ठेवा. एजंट म्हणाला, ‘जस्ट अ कपल ऑफ बिट्स’, म्हणजे दोन-चार कागद लागतील. मग पगाराच्या स्लिपा, ज्या नोकरी सुरू व्हायच्या आधी येणार कुठून. इथला जामीनदार, जो मला मिळणार कुठून. बँकेला पत्ता हवा, पत्त्याला बँक हवी. हॉस्पिटलकडून नोकरीचं पत्र पत्त्यासह मागून घ्या, त्याने माझी कोंडी फुटली. त्या एजंटबद्दल अजून लिहिलं तर माझं बीपी वाढेल.

आता शाळा. हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण मला ते अजून बोचतं. माझा मुलगा तिकडे इंग्लिश मीडियमला होता, वाचायचा फडाफडा. इथे वाचनाच्या पुस्तकांना रंगांचे पट्टे असतात, गुलाबी सगळ्यात खालच्यांपैकी, मग लाल, पिवळा, निळा असं चढत जायचं. घरी मराठी बोलतो असं फॉर्मवर लिहिलं होतं, म्हणून बाईंनी त्याला गुलाबी पट्ट्यावर बसवला. एका पानावर एक वाक्य. तो घरी येऊन ते पुस्तक दप्तरातून बाहेरच काढत नसे. पालकभेटीला दहा मिनिटं मिळतात. बाई गोड हसून म्हणाल्या, ‘ही हॅज मेड लोड्स ऑफ प्रोग्रेस’. मी विचारलं, किती? कुठल्या रंगापर्यंत? त्या पुन्हा हसल्या: ‘ओ, लोड्स!’ वर्षाअखेरीच्या अहवालात छापून आलं, ‘वर्किंग टुवर्ड्स द एक्स्पेक्टेड स्टँडर्ड’, म्हणजे अपेक्षेइतका पोचलेला नाही. मग ते लोड्स गेले कुठे? आज तो पोरगा जाडजूड कादंबऱ्या वाचतो आणि हा विषय काढला की ‘आई, लेट इट गो’ म्हणतो. मी नाही सोडत.

एकटेपणाबद्दल लिहिलंयत. आहे. कोट घ्या चांगला, महाराष्ट्र मंडळात नाव घाला, डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो तेव्हा घरात बसू नका. बस.

खरं तर बस नाही. आई फोनवर विचारते, मैत्रिणी आहेत का गं? मी म्हणते, ढिगाने. दोन आहेत. एक केरळची, माझ्याच वॉर्डातली, तिची नि माझी ड्यूटीची वेळ सहसा जुळत नाही. दुसरी शेजारची, कुत्र्याबद्दल बोलते. आई ‘बरं’ म्हणते आणि आकडा विचारत नाही. तिने विचारला तर मी काय सांगेन, याची तयारी मी मनात करून ठेवलेली आहे. शाळेतल्या त्या बाईंवर चिडताना मला हे आठवतं, पण तरीही चिडते.

मुलाला लगेच आणायचं की घर लागल्यावर, हे मी ठरवून देणार नाही. आणणार असाल तर शाळेचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, मधल्या प्रवेशासाठी कौन्सिलकडे (इथली पालिका), काही ठिकाणी थेट शाळेकडे, अर्ज करून वाट बघावी लागते, ती आम्ही बघितली. तो तिकडे वाचत असलेली दोन-तीन इंग्रजी पुस्तकं सामानात टाका, कपडे कमी आणले तरी चालतील. पहिल्या भेटीत बाईंसमोर त्याला त्यातलं एक पान मोठ्याने वाचायला लावा. मग विचारा, कुठला रंग देणार. रंग सांगितल्याशिवाय उठू नका.