केसांची गोळी सरळ मेडिकलवरून घेतली तर काय बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की वय 26, घर जालना जिल्ह्यात, कपाळाच्या दोन्ही कडांनी आणि टाळूवर केस विरळ झालेत, घरचे स्थळं बघायलेत. त्वचारोगतज्ज्ञ गोळ्या देतात का, किती दिवस घ्याव्या लागतात, आणि मित्रानं आणल्या तशा चिठ्ठीशिवाय मेडिकलवरून आणल्या तर चालेल का, हे तुमचे प्रश्न.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. चालणार नाही. आमच्या घरात याच गोष्टीवरून भांडण झालंय आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

मी केज तालुक्यातला. पंचविशीनंतर माझेही केस तुमच्यासारखेच जायला लागले. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, बोअरचं खारं पाणी. खाऱ्या पाण्यानं केस राठ होतात, मान्य. पण कानावरचे आणि मागचे केसही आपण त्याच पाण्यानं धुतो, ते कसे शाबूत राहतात? कडा आणि टाळू तेवढी निवडून रिकामी होते ती डीएचटी नावाच्या हार्मोनमुळं, आणि ती ठेवण आई आणि बाप दोघांच्याही घराण्यातून येते.

माझ्या दाजींचं मेडिकल आहे. माणूस कष्टाळू, अडीअडचणीला रात्री-बेरात्री शटर उघडणारा. वडलांना प्रोस्टेटचा त्रास असल्यानं त्यांना फिनास्टेराइडची 5 मिलिग्रॅमची गोळी चालू होती. एका दिवाळीला दाजींनी ती स्ट्रिप हातात घेतली आणि म्हणाले, "हीच गोळी केसाला चालती. चार तुकडे कर, रोज एक खा. डॉक्टरच्या बोडख्यावर कशाला पैसे घालायलास? त्यो येगळं काय देणारंय?" आणि आईच्या अडकित्त्यानं गोळीचे तुकडे पाडून दाखवले. ताटलीत भुगा सांडला. बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली होती, तिनं तो हातानंच गोळा करून टाकला.

औषध तेच होतं, यात दाजी खोटं बोलले नाहीत. फिनास्टेराइड अमेरिकेत 1992 साली प्रोस्टेटसाठी मंजूर झालं आणि 1997 साली 1 मिलिग्रॅममध्ये पुरुषांच्या टकलासाठी. पण मी ते तुकडे घेतले नाहीत. म्हणालो, मला आधी कुणीतरी तपासू द्या. त्यावरून "केसासाठी दवाखान्यात चाललाय, बाईमाणूस हाय का" इथपर्यंत ऐकून घेतलं. याचा राग मला आजही आहे. पोट दुखलं, गुडघा दुखला तर दवाखाना, आणि पोरगा रात्रंदिवस आरशापुढं झुरतो तो मात्र नखरा?

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात केसपेपर काढला आणि त्वचारोग विभागात गेलो. मॅडम होत्या. त्यांनी डोक्याआधी माझी माहिती घेतली. मागच्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड झाला होता का, कारण मोठ्या तापानंतर केस झडतात आणि ते आपोआप परत येतात, त्याला ही गोळी लागतच नाही. गोल चकती पडली होती का, कारण चाई हा वेगळा आजार, त्याचं औषध वेगळं. थायरॉइड, वजन, घरात कुणाला टक्कल. मग केसांची बट चिमटीत धरून ओढून पाहिली, भिंगाच्या यंत्रातून टाळू पाहिली. त्यानंतर मान खाली न घालता विचारलं, लैंगिक अडचण आहे का, मूल हवंय का, कधी नैराश्याचा त्रास होता का. आणि शेवटी, घरात कुणी गरोदर आहे का?

दिवाळीची गोष्ट सांगितली तेव्हा मॅडमचा चेहरा कडक झाला. ही गोळी अख्खी असेल तर वरच्या थरामुळं हाताला औषध लागत नाही. फोडली, कुटली की भुगा कातडीतून आत जाऊ शकतो, आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियाच्या वाढीत दोष येऊ शकतो. म्हणून गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हात लावायचा नसतो. पुढं बहिणीला मुलगी झाली, ठणठणीत आहे. दाजी आजही म्हणतात, "काय झालं का मग?" दाजी, मुलगी होती म्हणून प्रश्नच आला नाही. त्या दिवशी पोटात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ते लेकरू तुमचंच होतं. फिनास्टेराइड शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, हे मेडिकलवाल्याला मी सांगायचं का?

आता तुमचं. डॉक्टर बहुतेक फिनास्टेराइड 1 मिलिग्रॅम रोज एक आणि टाळूला लावायचं मिनॉक्सिडिलचं 5 टक्क्यांचं द्रावण किंवा फोम सुचवतील. दोन्ही द्यायचं की एकच, हे ते ठरवतील. फरक दिसायला तीन ते सहा महिने, नीट कळायला वर्ष. किती दिवस, तर चालू ठेवाल तितके दिवस. सोडलं की कमावलेले केस वर्षभरात जातात. असलेले केस टिकणं हाच मोठा फायदा. तुळतुळीत झालेल्या जागेवर फार आशा ठेवू नका. आणि पहिल्याच भेटीत वर्षभराचं पॅकेज गळ्यात मारणाऱ्या चकाचक हेअर क्लिनिकमधून उठून बाहेर या, हे माझं स्पष्ट मत.

दुष्परिणामांचं सांगायचं राहिलं. शंभरात थोड्याच जणांना, पण इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं असं होतं. बहुतेकांचं गोळी बंद केल्यावर जातं, काहींनी नंतरही राहिल्याच्या तक्रारी केल्यात. 2025 साली युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडच्या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. मन खचायला लागलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरला गाठा. शिवजयंतीच्या शिबिरात रक्तदान करत असाल तर गोळी चालू असताना करू नका, बंद केल्यावरही महिनाभर थांबा, कारण ते रक्त गरोदर बाईला जाऊ शकतं. वय वाढल्यावर पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी झाली तर गोळी चालू असल्याचं सांगा, तो आकडा जवळपास निम्मा दिसतो.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, तेव्हा बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर लपवू नका. ते लावल्यावर पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात, घाबरून सोडू नका. पुढच्या महिन्यात मुलगी बघायचा कार्यक्रम असेल तर तो होऊ द्या आणि मग सुरू करा.