लेक ॲक्सेसिबिलिटीत जायचं म्हणते, पोटापाण्याचं काय?

सांगलीहून एका आईंनी लिहिलंय : मुलगी बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिव्यांगांना वापरता येतील अशी ॲप्स बनवायची (यालाच ॲक्सेसिबिलिटी म्हणतात), असं तिने मनाशी घेतलंय. ‘समाजसेवा चांगलीच, पण त्यावर घर चालेल का?’

ताई, नमस्कार.

समाजसेवेचं आधी बाजूला ठेवा. बँकेचं ॲप अंध खातेदाराला वापरता येत नसेल तर तो ॲपमधला दोष आहे, आणि दोष काढणाऱ्याला पगार मिळतो. आता तर कायद्याचाही रेटा आहे. केवायसी करताना ॲप कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते कसं जमणार? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. पाठोपाठ जुलैत शेअर बाजाराची नियामक सेबीने शेअर दलाल, म्युच्युअल फंड वगैरेंना आपापल्या ॲपचं ॲक्सेसिबिलिटी ऑडिट प्रमाणित तज्ज्ञांकडून करून घ्यायला सांगितलं. युरोपातही जून २०२५ पासून असा कायदा लागू आहे. तिकडची कामं घेणाऱ्या आपल्या आयटी कंपन्यांना तो टाळून चालत नाही.

तरीही स्पष्ट सांगते, ‘ॲक्सेसिबिलिटी’ याच नावाच्या जागा थोड्या, आणि फ्रेशरसाठी त्याहून थोड्या. शिरकाव बहुधा टेस्टर किंवा फ्रंटएंड डेव्हलपर (ॲप-वेबसाइटचा समोर दिसणारा भाग बनवणारा) म्हणूनच होतो. म्हणजे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट पक्कं हवं. नुसत्या कळकळीवर कोणी घेत नाही.

तिला एक करायला सांगा. ॲन्ड्रॉइड फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, चालू करून, डोळे मिटून, बसचं तिकीट काढून पाहायचं. (ते बंद कसं करायचं हे आधी शिकून घ्या, नाहीतर फोन घरभर बडबडत बसेल.) बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टॅप केलं की निवडली जाते. मध्येच कुठेतरी नुसतं ‘अनलेबल्ड बटन’, म्हणजे नाव न दिलेलं बटण, असं ऐकू येईल. दाबलं तर पैसे जातील की तिकीट रद्द होईल, पत्ता नाही. चुकीची चौकट फक्त लाल केली असेल, तर ती चूक ऐकूच येणार नाही. कुठे अडलं, का अडलं, कोडमध्ये काय बदलावं, हे तिने लिहून काढावं. अशी चार-पाच ॲप्सची टिपणं मुलाखतीत दाखवायला हाताशी असावीत. शक्य तिथे रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीला सोबत घ्यावं, आणि तिच्या वेळेचे पैसे द्यावेत. डोळे मिटून बसलेल्या डोळस माणसाला सगळं समजत नाही.

सोबत डब्ल्यूसीएजी २.२ हे वेब ॲक्सेसिबिलिटीचं मार्गदर्शक वाचायला घ्यावं. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, असे मोजता येणारे निकष त्यात आहेत. विंडोजसाठी एनव्हीडीए स्क्रीन रीडर फुकट मिळतो. डिझाइनकडेच ओढा असेल तर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. ही पदव्युत्तर पदवी घेता येते, पण तिची बी.एस्सी. त्यासाठी चालते का, हे आधी पाहावं.

‘हमखास नोकरी’वाल्या महागड्या कोर्सला आत्ता पैसे घालू नका. आयएएपी या ॲक्सेसिबिलिटी व्यावसायिकांच्या संघटनेची सीपीएसीसी ही प्रमाणपत्र परीक्षा नोकरी लागल्यावर द्यावी, तीही कंपनी फी भरते का हे विचारून.